भेंडीचं बी

फादर सिप्रियन म्हणाले, रोज एक तास बाजूला काढा.
मी मान हलवली.
बाजूला काय काय काढते मी:
लाईटबिलाचे, शाळेच्या फीचे, भिशीचे.
ज्वारीच्या डब्यातल्या त्या पुडक्यांत
तास काही सापडला नाही.

जालन्यात आमच्या गल्लीला आठव्या दिवशी पाणी.
कधी दहाव्या. वेळ ठाऊक एकट्या लाईनमनला,
बहुतेक त्यालाही नाही.
म्हणून तोटी उघडी ठेवून झोपायचं,
खाली जर्मनचं पातेलं उपडं,
धार पडली की ताशासारखं वाजावं.
आधी नुसती हवा येते,
कुणीतरी लांबून चालत आल्यासारखी, धापा टाकत.
मी उठते, पदर डोक्यावर घेते,
कोरड्या हाताने क्रुसाची खूण करते.
‘आमच्या स्वर्गीय बापा’ एवढं होतं न होतं
तोच भिंतीपलीकडून नफिसा,
‘आया क्या?’
‘नै, हवाच हय.’
मग पुन्हा पहिल्यापासून.
किती रात्री देवाने माझी नुसती सुरुवात ऐकली.

नऊ ते सहा बियाण्यांच्या कंपनीत.
लांब टेबल, पांढरा उजेड, पुढ्यात भेंडीच्या बियांची रास.
फुटकं डावीकडे, किडकं डावीकडे, पोचटही तिकडेच.
माळ पर्समध्ये, पर्स कपाटात,
कपाटाची किल्ली खरात मॅडमच्या कमरेला.
मग बियांवरच मोजायचं.
एका दाण्याला एक ‘नमो मरिये’
म्हणत बसले तर संध्याकाळी वजन भरत नाही,
म्हणून दहा दाण्यांना एक.
पवित्र मातेला चालत असावं.
तिच्याही घरी दळण-कांडण होतंच.

‘फिलोमिना, ओठ कशाला हलतात? हिशेब करती का?’
‘हो मॅडम,’ म्हटलं.
खोटं बोलले असं वाटलं नाही,
पापनिवेदनात सांगितलंही नाही.

एक गोष्ट मात्र खुपते.
डावीकडचा ढीग झाडून पोत्यात जातो
तेव्हा त्यातलं एखादं बी
उगवलं असतं का, कुणी विचारत नाही.
मी मुठीत दोन-चार आणते घरी,
डालड्याच्या डब्यात टोचते.
त्यातलं एक आलं वर.
पान आलं, भेंडी नाही आली अजून.

मे महिन्यात आगस्तीनच्या हातावर
रोलिंग मिलमधली तापली सळई घसरली.
सिव्हिलच्या व्हरांड्यात मी चार तास.
आत त्याचा आवाज, मग आवाज नाही.
तेव्हा एक प्रार्थना आठवेल तर शपथ.
लहानपणापासून पाठ केलेलं सगळं
नळासारखं कोरडं.
रागसुद्धा आला नाही देवाचा,
एवढी रिकामी.
पहाटे कधीतरी मांडीवर नजर गेली
तर अंगठा बोटांवरून सरकत होता,
एक, एक, एक,
बी निवडतात तसा.
कुणी सांगितलं होतं त्याला?
मी थांबवलं नाही. बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी घरी आले कपडे न्यायला.
रात्री पाणी येऊन गेलं होतं.
दारात माझी सगळी भांडी, दोन घागरी, टिपाड,
लेकराची पाण्याची बाटलीसुद्धा
काठोकाठ, वर फडकी बांधलेली.
नफिसाच्या दाराला बाहेरून कडी, ती कामाला गेलेली.
मी उंबऱ्यात बसले. तोंडावर पाणी मारलं.
आमेन म्हटलं बहुतेक.
त्याच्या आधीचं काहीच म्हटलं नव्हतं.

आता हात बरा आहे, दोन बोटं वळत नाहीत.
रविवारी मिस्सानंतर फादरांनी विचारलं,
‘मग? तास निघतो का?’
‘नाही निघत, फादर.’
ते हसले. मला अजून बोलायचं होतं,
पण शेअर रिक्षा सुटत होती.

आज आठवा दिवस.
पातेलं उपडं ठेवलंय.